पाळण्यातली वाढीव ओळ

अहो, आधी एवढं सांगते की ती कॅसेट मी कुणाला पुसू दिलेली नाही. रामदासपेठेतल्या त्या दवाखान्यात, नाकाला नळी लावलेली असताना तुम्ही मला खुणेनं जवळ बोलावलंत, तेव्हा मला वाटलं, आता तरी काही मनातलं बोलतील. इतक्या वर्षांचा संसार झाला, एखादा शब्द तरी येईल. मी कान तोंडाशी नेला, तर तुम्ही म्हणालात, "ते कॅसेट कोनाच्या हाती देऊ नको. आपल्या वंदनीच्या तर अजिबात नाही, ती वरून दुसरं काही भरते. मले ते गजाननरावले दाखवाचं आहे." मी हो म्हटलं. त्या होवरही तुमचा विश्वास बसला नाही. "कुठी ठेवली, सांग," म्हणून परत विचारलंत. तांदळाच्या डब्यात, असं सांगितलं तेव्हा कुठे डोळे मिटलेत.

तुम्ही गेल्यावर निम्मा इंदोरा आपल्या घरात बसायला आला. विहारातली मंडळी आली, खापरखेड्याच्या वीजघरातून तुमच्या पाळीवरचे लोक आले. प्रत्येकाचं एकच, "सुदामभाऊ म्हणजे लई भोळा मानूस." पाण्याचा पेला हातात धरून मी थांबलेच. म्हटलं, हे लोक चुकून दुसऱ्याच घरी तर आले नाहीत? दूधवाल्याच्या मापात बोट बुडवून पाहणारा, बसच्या कंडक्टरनं तिकीट दिल्यावर त्याच्यावरचं गाव वाचल्याशिवाय न बसणारा, स्वतःच्या लग्नात फोटोवाल्याला "फिल्म भरली आहे ना आत?" असं विचारणारा माणूस भोळा? मेलेल्याबद्दल चांगलं बोलावं हे ठीक आहे, पण निदान ओळखून तरी बोलावं.

खरं सांगू, मला तुमचा संशयी स्वभाव फार जाचला. आणि तोच मलाही लागला. आता डॉक्टर म्हणाला, "झोपेतच गेले, त्रास झाला नाही," तर माझ्या मनात पहिलं हेच आलं की याला कसं ठाऊक? हे तुमचंच पीक आहे.

लग्न नवं होतं तेव्हा तुमची सुट्टी आली की तुम्ही धुतलेला शर्ट घालून सीताबर्डीला जायचात आणि दुपार उलटून गेली तरी यायचा पत्ता नसायचा. येताना काखेत कागदात गुंडाळलेल्या रेकॉर्डी असत. रेकॉर्डी आणायला एवढा वेळ? मला वाटलं, पाणी कुठंतरी मुरतंय. एकदा हट्टच धरला, मी पण येते. तुम्ही खुशाल नेलंत. गजाननरावांची ती रेकॉर्ड लायब्ररी म्हणजे जिन्याखालची एक खोली. वर्गणी भरायची, रेकॉर्डी घरी न्यायच्या, ऐकायच्या, परत आणून द्यायच्या. बाकीचे लोक येत, घेत, जात. तुम्ही मात्र एकेक रेकॉर्ड काढून उजेडात तिरकी धरायचात, तिच्यावरचे चरे बोटानं दाखवायचात, मग तिथल्या मशीनवर लावून पूर्ण ऐकायचात. "हा चरा आधीचा आहे. हा पण आधीचा. उद्या माह्यावर येऊ नये." गजाननराव बिचारे स्टुलावर बसून मान डोलवत. बाई वगैरे काही नव्हती. असती तर तिलाही तुम्ही उजेडात तिरकी धरून पाहिली असती.

परत येताना मी विचारलं होतं, "एवढं काहून तपासता? तो मानूस काय तुमाले फसवून राहिला का?" त्या दिवशी तुम्ही एकदाच सांगितलंत, नंतर कधीच नाही. तुमच्या लहानपणी, कन्हानच्या पलीकडच्या त्या गावात, वाण्याच्या दुकानात तुम्हाला पायरी चढू देत नसत. दाराशी उभं राहायचं, पैसे खाली ठेवायचे, आणि तो वरून पुडी टाकायचा. आत काय बांधलं, किती बांधलं, ते पाहायची सोय नव्हती. गुळात माती निघाली तर आईचा मार तुम्हाला. "गजाननराव मले आत बसवते," तुम्ही म्हणालात, "आनि माल हातात देते. म्हनते, पाहून घ्या." एवढं बोलून तुम्ही पान खायला थांबलात.

म्हणून मग कॅसेटी आल्या तेव्हा काय होणार ते मला आधीच दिसत होतं. सगळी गल्ली कॅसेटवर गेली. कमाल चौकात तो जाड चष्म्याचा माणूस, आपला चष्मेवाला, कॅसेटी भरून द्यायचं दुकान टाकून बसला. गाण्यांची नावं सांगून जायचं, कोरी कॅसेट द्यायची, एक-दोन दिवसांनी भरलेली घेऊन जायची. वंदना माझ्यामागे, मी तुमच्यामागे. ती लायब्ररीची वर्गणी बंद करा, सीताबर्डीचे हेलपाटे बंद करा. जावयानं टेपरेकॉर्डर आणून दिला, तर तुम्ही त्याचं मागचं झाकण उघडून पाहिलंत आणि जावयालाच विचारलंत, "हे नवीनच आहे ना?" पोरीचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता. तुमच्या हरकती तरी किती! कॅसेटमध्ये गाणं दिसत नाही. रेकॉर्डवर रेघा तरी दिसतात, इथं नुसती तपकिरी फीत. आज भरलेलं उद्या पुसता येतं, मग त्याचा भरवसा काय? आणि शेवटची, जी तुम्ही हळू आवाजात सांगायचात: "तो आत बसून काय भरते, ते आपल्याले पाहू देत नाही. बाहेर उभं राहा म्हनते."

मला तेव्हा वाटलं, ही सगळी सबब. म्हाताऱ्याला नवं काही नको असतं, झालं.

आता त्या पाळण्याबद्दल बोलते. गजाननरावांकडच्या पाळण्याच्या रेकॉर्डवर एक आडवा चरा होता, तो तुम्ही पहिल्याच दिवशी त्यांना दाखवून ठेवला होता. गल्लीत कुणाच्याही घरी नामकरण असलं की ती रेकॉर्ड आपल्याकडे यायची, तुम्ही मशीन डोक्यावर घेऊन त्या घरी जायचात, आणि बाया तिच्यामागून म्हणायच्या:

आत्या आणी अंगडं, मामा आणी वाळा,
आजी लावी गालबोट, काजळाचा टिळा,

आणि इथं सुई उडायची. खट्ट आवाज व्हायचा आणि गाणं एकदम "झोप माझ्या सोनुल्या, आईच्या उशाशी" वर जाऊन पडायचं. त्या खट्टला बायांनी पाळण्याला एक जादाचा झोका द्यायची रीत पाडली होती. कुणी पाडली, आता सांगता यायचं नाही. पण आपल्या गल्लीतली सगळी पोरं तो झोका खाऊनच मोठी झाली, आपली वंदनाही. लग्न होऊन भंडाऱ्याला गेलेल्या पोरी तिकडेही तसंच म्हणतात, त्या जागी झोका देतात, आणि सासरचे लोक विचारतात, हे काय मधेच?

मला मात्र त्या गाण्याबद्दल पहिल्यापासून संशय होता. टिळ्याला वाळा आहे, मग उशाशीला जोड कुठंय? एक ओळ खाल्लेली आहे, असं मी म्हणायची. तुम्ही म्हणायचात, "गानं आहे तेवढं आहे. उगाच त्याच्यात काही शोधू नको."

आणि मग वंदना बाळंतपणाला आली, नात झाली, नामकरण ठरलं. तुम्ही हट्टानं सीताबर्डीहून तीच रेकॉर्ड आणलीत. वंदनानं तुमच्या नकळत कमाल चौकातून तोच पाळणा कॅसेटवर भरून आणला आणि नामकरणाच्या आधी एकदा ऐकू म्हणून लावला. मी तांदूळ निवडत होते. तुम्ही दाराच्या चौकटीला टेकून उभे होता, तुमच्या नेहमीच्या जागी. टिळा झाला. मी सवयीनं हात पुढे केला, झोका द्यायला. खट्ट झालंच नाही. त्या बाईनं सरळ पुढं म्हटलं:

बाप काही बोलेना, उभा दाराशी,
झोप माझ्या सोनुल्या, आईच्या उशाशी.

वंदना आणि मी दोघींनी एकदम तुमच्याकडे पाहिलं आणि आम्हाला जे हसू फुटलं! माझ्या हातातलं सूप सांडलं. गाण्यानं तुम्हाला जागच्या जागी पकडलं होतं. तुम्ही हसला नाहीत. चौकटीवरून हात काढलात आणि ओरडलात, "बंद कर ते! हे कुठून आलं?"

"गान्यातलंच आहे, बाबा."

"गान्यातलं नाही. हे कोनीतरी मले पाहून घातलं आहे. त्या चष्मेवाल्याचंच काम. मी त्याच्या दुकानापाशी उभा होतो, तेव्हा तो टक लावून पाहून राहिला होता माह्याकडे."

मी म्हटलं, "तुमच्यावर गानं रचाले तुमी काय कुठचे राजे लागून गेले का?"

"हसू नको वं. पाळन्याच्या गान्यात बापाचं काय काम? आत्या असते, मामा असते. बाप कधी असते का? ओळ वाढवली आहे त्यानं."

त्यानंतर तुमचं जेवणात लक्ष लागेना. भाकरी मोडता मोडता थांबून "गजाननरावकडे दुसरी रेकॉर्ड असन, बिनचऱ्याची, ते लावून दाखवतो तुमाले," म्हणायचात. मी म्हणायची, ओळ होती, होती, होती. तुम्ही म्हणायचात, घातली. त्या भांडणात मला मजा येत होती, हे कबूल. इतक्या वर्षांत पहिल्यांदा माझ्याकडे पुरावा होता. आणि मग एका सकाळी आंघोळीचं पाणी तसंच राहिलं, तुम्ही छातीला हात लावून ओट्यावर बसलात, आणि आपण ऑटोनं रामदासपेठेला गेलो. ऑटोवाल्यालासुद्धा तुम्ही विचारलंत, "इकडून काहून घेतलं?" नामकरण पुढं ढकललं. तुमच्या माघारी करायचं पुण्यानुमोदन आधी आलं.

गजाननराव त्या दिवशी आले होते. कोपऱ्यात बसले. मग म्हणाले, "वहिनी, घाई नाही. पण सुदामभाऊंचं लायब्ररीचं कार्ड तुमच्या नावानं करू का बंद करू? मनात काही ठेवू नका. सगळेच आता कॅसेटकडे गेले." माणूस इतका गोड का बोलतो, म्हणून माझ्या मनात आलंच. मी त्यांना ओळीचं विचारलं. ते म्हणाले, "माझ्याकडे ती रेकॉर्ड आली तीच चऱ्यासकट. पूर्ण पाळणा मीही ऐकलेला नाही." आता न्याय करणारा एकच उरला, तो चष्मेवाला. आणि माझ्यापुढे प्रश्न असा की कॅसेट धरली तर तुमच्या बाजूनं कुणीच राहणार नाही, आणि लायब्ररी धरली तर नातीच्या पाळण्यात पुन्हा ती ओळ गायब. वंदना म्हणाली, "आई, एक कॅसेट लावाची आहे, त्यात एवढा काय विचार करतं?" तिला काय सांगू? तुम्ही खरे की खोटे, हे तुमच्या माघारी मला ठरवायचं होतं.

मी कॅसेट पिशवीत घालून कमाल चौकात गेले. चष्मेवाला चांगला बापडा माणूस आहे, तुम्ही सांगायचात तसा छचोर वगैरे नाही. मी म्हटलं, "मले हाच पाळना दुसऱ्या कॅसेटवर परत भरून पाह्यजे. पन तुमी भराल तेव्हा मी आत बसन."

"बाई, आत कोनाले येऊ देत नाही. मशीनवर धूळ बसते."

"मंग मले नको." मी वळलेसुद्धा.

तेव्हा त्यानं पिशवीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "तुमी त्या काकांच्या घरच्या का? ते इथं येऊन उभे राहात, ते?"

मी परत फिरले. म्हणजे त्यानं तुम्हाला पाहिलं होतं! "कुठं उभे राहात?" मी विचारलं.

"इथंच, दाराशी. कितीकदा आले. मी म्हनो, काका, काय भराचं सांगा, तर काही बोलत नसत. म्हनत, काही नाही, पाहून राहिलो." मग म्हणाला, "दिसले नाही इतक्यात."

मी सांगितलं. त्यानं चष्मा काढून पुसला, फळी उचलली आणि म्हणाला, "या आत."

अहो, मी आत गेले. तुम्हाला जिथं जायचं होतं तिथं. स्टुलावर बसवलं त्यानं. त्यानं रेकॉर्ड काढली, तुमच्या सवयीनं मी ती मागून घेतली आणि बल्बाखाली तिरकी धरली. एकही आडवा चरा नव्हता. कागदाचं पाकीट जुनं, पिवळं पडलेलं, कडा फाटलेल्या. त्यानं सुई ठेवली. आत्या आली, मामा आला, आजीनं टिळा लावला. आणि तुम्हाला नवल वाटेल, मी मनातून म्हणत होते की सुई उडू दे. एकदा उडू दे आणि हा माणूस खोटा निघू दे. बाप काही बोलेना, उभा दाराशी. रेकॉर्ड शांतपणे फिरत राहिली.

तर ओळ होती. मी जिंकले. घरी येईपर्यंत मला रडू आलं नाही, पण गॅसवर चहा ठेवला आणि दोन कप आधण टाकलं गेलं, तेव्हा आलं. जिंकल्यावर समोर कुणीतरी तोंड पाडून बसलेलं लागतं हो. "असन, असन, पन रेकॉर्डच डुप्लिकेट असन," असं म्हणणारं लागतं.

मग सीताबर्डीला जाऊन गजाननरावांना त्यांची रेकॉर्ड परत केली. म्हटलं, कार्ड बंद करा. त्यांनी न पाहता रेकॉर्ड फळीवर ठेवायला घेतली तर मी हात धरला. "उजेडात पाहून घ्या. हा चरा आधीचा आहे. उद्या आमच्यावर येऊ नये." गजाननराव हसले आणि रेकॉर्ड उजेडात तिरकी धरून पाहू लागले. कॅसेटवाल्यालाही मी सांगून ठेवलं आहे, यापुढे जे भराल ते मी आत बसून पाहीन. दुकान बदललं, पण तुमची अट बदलली नाही.

काल नामकरण झालं. बुद्धवंदना आटोपून विहारातून मंडळी आली, पाळणा सजवला, बाया जमल्या. मी तांदळाच्या डब्यातून कॅसेट काढली. पुसलेली नव्हती, मी आधी ऐकून घेतली होती. बायांनी म्हणायला सुरुवात केली. काजळाचा टिळा झाला आणि सगळ्या बायांनी, इतक्या वर्षांच्या सवयीनं, पाळण्याला तो जादाचा झोका दिला आणि सरळ "झोप माझ्या सोनुल्या" वर उडी मारली. टेप मागं राहिला. त्यांच्या आवाजाखालून ती बाई एकटीच म्हणत होती, बाप काही बोलेना, उभा दाराशी. बाया गोंधळून टेपकडे वळल्या. आणि मग सगळ्यांचं लक्ष दाराकडे गेलं.

तिथं जावई उभा होता. चौकटीला टेकून, हाताची घडी घालून, अगदी तुमच्यासारखा. बाया अशा हसल्या की पोरगी दचकून जागी झाली. तो बिचारा इकडे तिकडे पाहत म्हणाला, "काय झालं? सगळे माह्याकडे काहून पाहून राहिले?"

तुम्हाला पाहून कुणी काही घातलं नव्हतं हो. ज्यानं गाणं रचलं त्यानं असेच बाप पाहिले असतील. बायकांचा कार्यक्रम, म्हणून दारात थांबलेले. त्याला ते गोड वाटलं, आम्हाला हसू आलं. पण तुम्हाला त्या वाण्याच्या दाराशी कुणी आवडीनं उभं केलेलं नव्हतं. ते मला तेव्हा सुचलं नाही, आणि तुम्ही सांगणाऱ्यातले नव्हता. वंदनाच्या नामकरणाला तुम्ही त्याच चौकटीत उभे होता, पांढरा शर्ट घालून. मला वाटलं, मशीनला कुणी हात लावू नये म्हणून पहारा देताय. आपलं स्वतःचं घर, आपली पोर, आणि तुम्ही कुणीतरी आत बोलावण्याची वाट पाहत असाल, हे माझ्या मनातही आलं नाही.

मी उठले. बाया बाजूला झाल्या. पाळण्याची दोरी जावयाच्या दिशेनं धरली आणि म्हटलं, "दाराशी काहून उभे राह्यले? आत या. तुमची पोरगी आहे."

तो आला. चप्पल दारातच काढून, लाजत आला आणि दोरी धरली. तुम्हाला म्हणायचे राहून गेलेले ते दोन शब्द त्याला देऊन टाकले. आत या.